हेल्पडेस्कवरून परदेशी जायचंय? आधी तुमची तिकिटं मोजा

गेल्या दिवाळीत नाशकात, सिडकोतल्या त्रिमूर्ती चौकाजवळच्या घरी दहा दिवस होतो. तेवढ्यात सात मुलं भेटून गेली, सगळी आयटी सपोर्टमधली. कोणी अंबडच्या कारखान्यात रेसिडेंट इंजिनिअर, कोणी सातपूरला डेस्कटॉप सपोर्टला, एक जण हॉस्पिटलचे सर्व्हर, प्रिंटर आणि सीसीटीव्ही एकटाच सांभाळणारा. प्रत्येकाने बसल्याबसल्या एकच विचारलं, "दादा, सध्या कुठल्या देशाचा व्हिसा सोपा आहे?"

मी प्रत्येकाला विचारलं, "काल दिवसभर काय काम केलंस?"

उत्तर ऐकलं की त्याला कोणता देश उघडा आहे ते साधारण कळतं. व्हिसाच्या यादीत देशाच्या आधी तुमचं काम बघितलं जातं. काम म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं पद नव्हे. नाशकात जो तो सिस्टीम इंजिनिअर आहे, मीही होतो. २०१३ साली बीसीएस झालो आणि अंबडच्या एका कारखान्यात एका व्हेंडरच्या पेरोलवर लागलो. पगार नऊ हजार, पद 'सिस्टीम इंजिनिअर'. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियासाठी फाइल लावली तेव्हा माझा एकूण अनुभव नऊ वर्षांचा होता. धरली गेली तीन वर्षं. बाकीची कुठे गेली हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. तुम्हाला तो लागू नये म्हणून हे लिहितोय.

बहुतेक देशांनी आयटीच्या कामात मधोमध एक रेघ ओढलेली आहे. रेघेच्या एका बाजूला तंत्रज्ञ, म्हणजे युजरचा फोन घेणारा, लॅपटॉप बदलून देणारा, पासवर्ड रिसेट करणारा, प्रिंटर चालू करणारा. दुसऱ्या बाजूला सर्व्हर, नेटवर्क, सिक्युरिटी उभी करणारा आणि सांभाळणारा. ऑस्ट्रेलियाच्या व्यवसाय यादीत आयसीटी कस्टमर सपोर्ट ऑफिसरचा कोड ३१३११२ आहे. सिस्टीम्स अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा २६२११३ आणि कॉम्प्युटर नेटवर्क अँड सिस्टीम्स इंजिनिअरचा २६३१११. पहिला आकडाच गट सांगतो. ३ म्हणजे तंत्रज्ञ, २ म्हणजे व्यावसायिक. जर्मनी ज्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर चालतं त्यात युजर सपोर्ट ३५ च्या गटात आणि सिस्टीम अ‍ॅडमिन २५ च्या गटात. कॅनडात युजर सपोर्ट टेक्निशियनचा कोड २२२२१. कोड वेगवेगळे आहेत, रेघेची नेमकी जागाही देशागणिक थोडी सरकते, पण रेघ असते.

म्हणून पहिलं काम हे करा. तिकीट म्हणजे युजरची नोंदवलेली तक्रार किंवा मागणी. तुमच्या तिकीट टूलमधून गेल्या तीन महिन्यांची तुमच्या नावावर क्लोज झालेली तिकिटं एक्सेलमध्ये काढा. कंपनीबाहेर नेऊ नका, तिथेच बसून बघा. शेजारी एक रिकामा रकाना घ्या आणि प्रत्येक तिकिटाला किती वेळ गेला ते लिहा. पासवर्ड, आउटलूकची पीएसटी, प्रिंटर, व्हीपीएन लागत नाही, नवीन लॅपटॉप लावून देणं, हे एका रंगात. स्विचवर व्हीलॅन, फायरवॉलचा नियम, ग्रुप पॉलिसी, सर्व्हरचं पॅचिंग, बॅकअप आणि रिस्टोर, व्हर्च्युअल मशीन हे दुसऱ्या रंगात. मग तास मोजा. तिकिटांची संख्या मोजू नका, ती फसवते. पासवर्डची वीस तिकिटं तासाभरात संपतात आणि एक कोअर स्विच बदलायला अख्खी रात्र जाते.

मी हे पहिल्यांदा २०१६ मध्ये केलं. दिवसातल्या पाच तासांपैकी चार तास पहिल्या रंगाचे निघाले. वाईट वाटलं, पण निदान खरं काय ते कळलं. मग जे केलं ते कुठल्याही कोर्सपेक्षा उपयोगी पडलं असं मला आजही वाटतं. आमच्या प्लांटला शनिवारची सुट्टी असायची. सर्व्हरचं पॅचिंग त्याच दिवशी व्हायचं आणि ते करायला पुण्याहून माणूस यायचा. मी आयटी मॅनेजरांना म्हटलं, सर, शनिवारी मी येतो, त्यांच्याबरोबर बसू द्या. सहा महिने नुसता बसलो, केबल ओढल्या, नोंदी लिहिल्या. एकदा त्यांना विचारलं की बॅकअप तर रोज होतो, पण तो परत चढवून कधी बघितलाय का? कोणीच बघितला नव्हता. ते काम माझ्याकडे आलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये प्लांटने मला व्हेंडरकडून काढून स्वतःच्या पेरोलवर घेतलं आणि सर्व्हर व नेटवर्कची जबाबदारी लेखी दिली. माझ्या फाइलीत त्या तारखेच्या आधीचं काहीही त्या कोडखाली धरलं गेलं नाही.

तुमची तिकिटं मोजल्यावर बहुतेक तास पहिल्याच रंगाचे निघाले तर दोन रस्ते आहेत. एक, जिथे सपोर्टचं काम सपोर्ट म्हणूनच मान्य होतं तिथे अर्ज करा. दुसरा, वर्ष-दोन वर्षं देऊन काम बदला आणि मग अर्ज करा. वय तिशीच्या आत असेल तर मी दुसराच सांगतो. तिसरा रस्ता कोणीतरी एजंट नक्की सुचवेल, तो म्हणजे कागदावर काम बदलणं. तो रस्ता नाही. ऑस्ट्रेलियात खोटा कागद सापडला तर तीन वर्षांची बंदी बसते, कॅनडात पाच वर्षांची, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात "पूर्वी व्हिसा नाकारला गेला होता का" या प्रश्नाला 'हो' लिहावं लागतं.

आता अनुभवाच्या पत्राचं, कारण नाशिकच्या मुलांची गाडी इथेच अडते. कारखान्यातल्या सपोर्टची खुर्ची एकच असते, पण दर दोन वर्षांनी कॉन्ट्रॅक्ट बदलतं आणि त्याबरोबर पेरोल बदलतो. पहिल्या चार वर्षांत माझे दोन व्हेंडर झाले. पत्र देण्याचा अधिकार पेरोल ज्याचा त्याला असतो, ज्या कारखान्यात तुम्ही बसता त्याला नाही. माझा पहिला व्हेंडर तोवर बंद पडला होता आणि दुसऱ्याच्या एचआरने तीन ओळींचं पत्र दिलं: अमुक ते अमुक काम केलं, वर्तणूक चांगली. असं पत्र उपयोगाचं नाही. लेटरहेड हवं, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, पूर्णवेळ की अर्धवेळ आणि आठवड्याचे तास, प्रत्यक्ष केलेल्या कामांची यादी आणि सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, ईमेल, फोन. कामांची यादी तुमच्या शब्दांत हवी. व्यवसाय यादीतलं वर्णन जसंच्या तसं उतरवलेली पत्रं तपासणारे रोज बघतात. "सर्व्हर सांभाळले" यापेक्षा "तीन हायपर-व्ही होस्टवर चौदा व्हर्च्युअल मशीन, दर महिन्याला पॅचिंग, तिमाहीत एकदा रिस्टोर चाचणी" असं लिहा.

पत्र मिळतच नसेल तर त्या काळात तुमच्यावर देखरेख करणाऱ्या वरिष्ठाचं प्रतिज्ञापत्र चालतं. स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर, आणि का मिळालं नाही त्याचं कारण लिहून. बंद पडलेल्या व्हेंडरच्या काळासाठी मी तेच केलं. ते दिवस मोजले गेले नाहीत, पण फाइलीत भोक राहिलं नाही. जोडीला पगाराचा पुरावा लागतो: फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या आणि पीएफचं पासबुक. पासबुक फार मोलाचं आहे, कारण व्हेंडर कितीही बदलले तरी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच असतो आणि कोणत्या महिन्यात कोणी पैसे भरले ते त्यात दिसतं. अर्धा पगार हातात रोख मिळत असेल तर तो आजच खात्यात घ्यायला सुरुवात करा.

देशांकडे वळू. ऑस्ट्रेलियाचं सविस्तर सांगतो, कारण तो मी स्वतः चाललेला रस्ता आहे.

तिथे आधी कौशल्य तपासणी होते. नेटवर्क, सिस्टीम, सिक्युरिटीचे कोड ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी तपासते. सपोर्ट ऑफिसरचा ३१३११२ मात्र ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाकडे जातो. चुकीच्या दारात पैसे भरले की वेळ आणि पैसा दोन्ही जातात. कॉम्प्युटर सोसायटीकडे गेलात आणि पदवी कॉम्प्युटरची व कामाशी जुळणारी असेल, तरी अनुभवातली पहिली दोन वर्षं साधारणपणे कौशल्य मिळवण्यात गेली असं धरून वजा होतात. पदवी कमी जुळणारी असेल तर वजाबाकी वाढते. माझी एप्रिल २०१७ पासूनची पाच वर्षं धरली आणि त्यातली दोन वजा केली. नऊची तीन झाली ती अशी.

मग गुण. किमान ६५ लागतात, पण ६५ वर आमंत्रण येईल अशी आशा धरू नका. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण, ३३ ते ३९ ला २५, ४० ते ४४ ला १५, आणि ४५ पूर्ण झाली की दार बंद. पदवीला १५, डिप्लोमाला १०. देशाबाहेरच्या अनुभवाला तीन वर्षांवर ५, पाचवर १०, आठवर १५. इंग्रजीला १० किंवा २०. माझे वयाचे ३०, पदवीचे १५, अनुभवाचे ५, इंग्रजीचे २०, आणि बायकोने इंग्रजीची परीक्षा दिली त्याचे ५. एकूण ७५.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. अनुभवाचे ५ गुण वाढवायला दोन वर्षं थांबावं लागतं. इंग्रजीचे १० गुण तीन महिन्यांच्या अभ्यासाने वाढतात. मी पीटीई ही इंग्रजीची परीक्षा दिली, पहिल्या वेळी बोलण्याच्या भागात अडकलो, दुसऱ्यांदा चारही भाग ७९ च्या वर गेले. ऑगस्ट २०२५ पासून ऑस्ट्रेलियाने त्या परीक्षेचे विभागवार आकडे बदलले आहेत, त्यामुळे जुन्या मित्राचं ऐकून तयारी करू नका, सरकारी संकेतस्थळावरचा तक्ता बघा. आयईएलटीएसमध्ये पूर्ण २० गुणांसाठी प्रत्येक भागात ८ लागतात. आमच्यासारख्या मराठी माध्यमातल्या मुलांना वाचन आणि ऐकणं जमतं, अडतं ते लिखाण. रोज एक निबंध लिहून कोणाकडून तरी तपासून घ्या.

गुणांवर तीन व्हिसा मिळतात. १८९ ला कोणाचा पाठिंबा लागत नाही, पण त्याच्या यादीत सपोर्ट ऑफिसर नाही आणि सिस्टीम्स अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही नाही. नेटवर्क अँड सिस्टीम्स इंजिनिअर आहे. १९० ला एखाद्या राज्याने तुमचं नाव पुढे करावं लागतं आणि त्याचे ५ गुण मिळतात. ४९१ हा मोठी शहरं सोडून राहण्याचा पाच वर्षांचा व्हिसा, त्याचे १५ गुण. तीन वर्षं राहून, कमावून, कर भरल्याचे कागद दाखवले की कायम वास्तव्याच्या १९१ साठी अर्ज करता येतो. मी ४९१ वर गेलो. अ‍ॅडलेड सगळं शहरच त्यात बसतं, त्यामुळे 'गावात राहावं लागेल' ही भीती खरी नाही. सपोर्टच्या कोडवर जाणाऱ्याला १९० आणि ४९१ हेच दोन आहेत आणि प्रत्येक राज्याची यादी दरवर्षी बदलते. स्किलसिलेक्ट या सरकारी पोर्टलवर इच्छा नोंदवायची, आमंत्रण आलं की ६० दिवसांत पूर्ण अर्ज. ६० दिवस खूप वाटतात, पण कागद आधी तयार नसतील तर पुरत नाहीत. नोकरी आधी मिळाली तर वेगळा रस्ता: ७ डिसेंबर २०२४ पासून ४८२ क्रमांकाच्या जुन्या टेम्पररी स्किल शॉर्टेज व्हिसाच्या जागी, त्याच क्रमांकाचा, स्किल्स इन डिमांड व्हिसा आला आहे, त्यात कंपनी तुम्हाला बोलावते.

कॅनडा सपोर्टवाल्याला सगळ्यात मोकळेपणाने आत घेतो, निदान पात्रतेत. २२२२१ हा कोड एक्स्प्रेस एंट्रीच्या, म्हणजे गुणांवर चालणाऱ्या कायम वास्तव्याच्या रांगेच्या, फेडरल स्किल्ड वर्कर गटात चालतो. एका वर्षाचा सलग अनुभव, पदवीची तुलना आणि इंग्रजीत प्रत्येक भागात किमान सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) ७ एवढं असलं आणि १०० पैकी ६७ गुण झाले की तुम्ही रांगेत. अडचण पुढे आहे. रांगेतलं स्थान दुसऱ्या गुणांवर ठरतं, आणि मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे गुण काढून टाकले आहेत. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या खास फेऱ्यांत युजर सपोर्ट येत नाही. प्रांताने नाव पुढे केलं तर ६०० गुण मिळतात आणि काम झालंच. नाहीतर इंग्रजीत सीएलबी ९ गाठा, म्हणजे आयईएलटीएस जनरलमध्ये ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हीत ७. अ‍ॅकॅडमिक नव्हे, जनरल. त्या दिवाळीत आलेल्या सातांपैकी एकाने अ‍ॅकॅडमिक दिली होती, पैसे गेले.

पदवीच्या तुलनेसाठी ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावी लागतात. नाशिकच्या कॉलेजात शिकलात तरी पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची असते, म्हणजे कागद गणेशखिंडीतून निघणार. मी ठक्कर बाजारातून पहाटेची एसटी धरून दोनदा गेलो. सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, एटीकेटीच्या सुद्धा, मूळ आणि झेरॉक्स घेऊन जा. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा असेल तर तंत्रशिक्षण मंडळ, मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर आपल्याच गोवर्धनला. हे काम आमंत्रणाची वाट न बघता पहिल्याच महिन्यात करा.

जर्मनीबद्दल नाशकात सध्या फार उत्साह आहे. पदवी नसलेल्या आयटीवाल्यालाही तीन वर्षांच्या अनुभवावर ब्लू कार्ड, म्हणजे नोकरीच्या ऑफरवर मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना, मिळतं, हे खरं आहे, नोव्हेंबर २०२३ पासून. पण ते २५ च्या गटाला, म्हणजे रेघेच्या पलीकडच्याला. युजर सपोर्ट ३५ मध्ये असल्याने त्यात बसत नाही. शिवाय २०२५ मध्ये त्याला वर्षाला सुमारे ४३,७६० युरो पगाराची ऑफर लागत होती. सपोर्टवाल्याने चान्सनकार्ट, म्हणजे नोकरी शोधायला जाण्याचं कार्ड, बघावं. ते १ जून २०२४ ला सुरू झालं. किमान दोन वर्षांचं मान्य शिक्षण किंवा पदवी, जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ (ए१ ही भाषेची सगळ्यात खालची पातळी, सी२ सगळ्यात वरची), आणि ६ गुण. गेल्या सात वर्षांत पाच वर्षं अनुभव असेल तर ३, वय ३५ च्या आत असेल तर २, इंग्रजी सी१ असेल तर १, झाले सहा. वर्षभर तिथे राहून नोकरी शोधायची, आठवड्याला वीस तास काम करता येतं. खात्यात मात्र महिन्याला १,०९१ युरो या हिशेबाने वर्षाचे पैसे अडकवून ठेवावे लागतात, हा २०२५ चा आकडा.

माझं मत स्पष्ट आहे: जर्मन भाषेशिवाय सपोर्टच्या कामासाठी जर्मनीत जाऊ नका. सर्व्हरवर काम करणारा इंग्रजीवर निभावून नेतो. तुमच्यासमोर मात्र वैतागलेला युजर असतो आणि तो त्याच्या भाषेत वैतागतो. बी१ करून गेलात तर गुणही दोन वाढतात आणि नोकरीही लवकर लागते.

इंग्लंड सपोर्टवाल्यासाठी जवळजवळ बंद झालं आहे. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला पदवीच्या पातळीचं काम आणि साधारण ४१,७०० पौंड पगार लागतो. खालच्या पातळीची काही कामं तात्पुरत्या यादीत आहेत, त्यावर जाणाऱ्याला कुटुंब नेता येत नाही. अमेरिकेच्या एच-१बी मध्ये पदवी लागणारंच काम हवं, आणि सप्टेंबर २०२५ पासून नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार आला. सपोर्टसाठी त्यात वेळ घालवू नका. दुबई, मस्कतला नोकरी लवकर मिळते आणि सपोर्टचं काम सपोर्ट म्हणूनच मिळतं, पण व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. पैसे साठवायला आणि मोठ्या सेटअपवर हात बसवायला दोन-तीन वर्षं गेलात तर तो अनुभव पुढे ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला मोजला जातो.

एजंटबद्दल. आखातात नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असला पाहिजे आणि त्याला ३०,००० रुपये व जीएसटी एवढंच घेता येतं. ऑस्ट्रेलियाचा सल्लागार असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक विचारा, कॅनडाचा असेल तर आरसीआयसी क्रमांक, आणि दोन्ही त्या त्या देशाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात मला दीड लाख सांगितले होते. वर त्यांनी माझ्यासाठी कामांच्या यादीचं तयार पत्र काढलं, त्यात मी कधी न बघितलेल्या स्टोरेज सिस्टीमची नावं होती. मी पत्र टेबलावर ठेवून उठलो. फाइल स्वतः लावली, रात्री जेवण झाल्यावर दोन तास, चार महिने. सपोर्टवाला माणूस रोज दुसऱ्यांचे फॉर्म आणि पोर्टल नीट करतो, हेही त्याला जमतं.

पैशांचा अंदाज हवा म्हणून माझा सांगतो. २०२३ मध्ये व्हिसाची फी माझी चार हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे आणि बायकोची त्याच्या निम्मी, मिळून साडेतीन लाख रुपयांच्या वर. फी दर जुलैत वाढते. कौशल्य तपासणी, इंग्रजी, वैद्यकीय तपासणी, राज्याची फी हे वेगळं. वैद्यकीय तपासणी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच होते, आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन त्याच दिवशी परत आलो. पोलीस क्लिअरन्सची वेळ पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवर घ्यायची. त्यासाठी सध्याचा पत्ता आणि पासपोर्टवरचा पत्ता आधी जुळवून घ्या.

आणि नावं तपासा, आज, हे वाचून झाल्यावर. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा. पीएफमध्ये एखादं अक्षर कमी, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. बायकोच्या पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. प्रत्येक ठिकाणी स्पेलिंग कसं आहे त्याचा एक तक्ता करा. पीएफ आणि बँक दुरुस्त होतात, त्या आधी करा. गुणपत्रिका बदलत नाही, तिच्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. माझ्या बायकोच्या नावाचं प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद आणि लग्नाचं प्रमाणपत्र हे तीन कागद गोळा करायला सात आठवडे लागले, आणि आमंत्रणाचे ६० दिवस त्यातच संपत आले होते.